इराकला जाणारी गाडी

आमचे शेजारी नाना भाटकर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. विसरभोळे आहेत म्हणून नव्हे. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर त्यांनी उभा जन्म गाड्या पुकारण्यात घालवला, त्याची ही सवय. सकाळी सहाला त्यांच्या परसातून आवाज येतो, "लक्ष द्या. आंघोळीचं पाणी तापलेलं आहे. मी पुन्हा सांगतो, आंघोळीचं पाणी तापलेलं आहे." बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. म्हणजे हे सगळं ते स्वतःलाच सांगत असतात.

मी लग्न होऊन या आळीत आले, तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आत दगडी गडग्यापलीकडून घोषणा झाली होती. "नवी सून आलेली आहे. मी पुन्हा सांगतो, नवी सून आलेली आहे." मी आधीच तापट. पुढे एकदा भांडी घासताघासता ओरडलेच, "नाना, मला एकदा सांगितलेलं कळतं हो!"

"तुला कळतं गो सुमन," नाना म्हणाले. "पण पहिल्या वेळी माणूस गप्पांत असतो. दुसऱ्या वेळी ऐकतो. अर्धी रत्नागिरी मी दुसऱ्या वेळेवर घरी पोचवलेली आहे."

मी भांडी घासली.

त्यांच्याकडे फोन नव्हता. "मला आवाज आहे, फोन कशाला?" असं म्हणायचे. पण मुलगा महेश फौजेत, आणि पूर्णगडच्या या बाप्याचा आवाज कितीही मोठा असला तरी काश्मीरपर्यंत काही जात नव्हता. म्हणून महेशचा फोन दर रविवारी चार वाजता आमच्याकडे यायचा. साडेतीनपासूनच नाना आमच्या ओटीवर पेपर उघडून बसायचे. रिंग वाजली की पेपर खाली. मग "जेवलास? मी विचारतोय, जेवलास?" असं सुरू. महेश तिकडून हसायचा, "बाबा, पहिल्यांदाच ऐकू आलं." आम्हाला ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि दोन हजार तीन साल उजाडलं. अमेरिकेने इराकवर हल्ला केला, बगदाद पडलं आणि मग तिथला बंदोबस्त करायला ते आपल्या सरकारकडे फौज मागायला लागले. पेपरात रोज तेच. पाठवणार. नाही पाठवणार. विचार चालू आहे. एका रविवारी महेश फोनवर म्हणाला, "बाबा, आमची पलटण जायची आहे असं बोलतायत सगळे." पोरगा खुशीत होता. परदेश, नवं काम, वय सव्वीस.

नाना म्हणाले, "बरं."

एकदाच म्हणाले. मी चहा गाळत होते ती थांबले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. कोणती कचेरी ते विचारू नका, नोकरी अजून पुरी व्हायची आहे. अकराच्या ठोक्याला फाटकाबाहेरून तो आवाज आला आणि माझ्या हातातला शिक्का कागदाऐवजी बोटावर पडला.

"लक्ष द्या, लक्ष द्या. दिल्लीहून सुटून इराकला जाणारी गाडी रद्द करण्यात यावी. या गाडीत आपल्या घरची मुलं आहेत. मी पुन्हा सांगतो, दिल्लीहून सुटून इराकला जाणारी गाडी रद्द करण्यात यावी."

खिडकीतून बघते तर नाना. एका हातात छत्री, गळ्यात पुठ्ठा. पुठ्ठ्यावर 'फौज इराकला पाठवू नका' असं दोनदा लिहिलेलं, एकाखाली एक. अर्धा तास पुकारलं, घड्याळ बघितलं, वर आले आणि माझ्याच टेबलावर निवेदन ठेवलं.

"पोच दे गो. शिक्का मारून."

"नाना, घरी चला. मी पाया पडते तुमच्या."

"पोच दे, मग पाया पड."

मी शिक्का मारला. मारणं भागच होतं. मग ते निवेदन घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिले. "बाई, आपल्याकडे इराकचं टेबल आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग संकीर्णमध्ये लावा. आणि हे तुमचे शेजारी ना? आवरा त्यांना. उद्या वरून विचारणा झाली तर पहिलं तुमचं नाव जाईल."

आवरा म्हणे! हा माणूस स्टँडवरच्या गर्दीला कधी आवरला नाही, तिथे मी काय आवरणार? तरी संध्याकाळी गडग्यापाशी गाठलंच त्यांना.

"नाना, जगभरात लाखो माणसं रस्त्यावर उतरली होती ना युद्ध नको म्हणून? एवढ्या मोठमोठ्या शहरांतून? काय झालं? बाँब पडायचे ते पडलेच. तिथे तुम्ही एकटे रत्नागिरीत छत्री घेऊन उभे राहिलात म्हणून दिल्ली ऐकणार आहे?"

"ते लोक उशिरा पोचले," नाना शांतपणे म्हणाले. "ती गाडी सुटलेली होती. सुटलेल्या गाडीमागे धावून काय होत नाही, मी आयुष्यभर बघितलंय. आपली गाडी अजून फलाटावर आहे गो. ड्रायव्हर चहा पितोय. तो चहा पितोय तोवर ओरडायचं."

"आणि ड्रायव्हर बहिरा असला तर?"

"म्हणून तर दोनदा सांगायचं."

जळ्ळं मेलं ते दोनदा! मी तणतणत घरात गेले. भाताला मीठ घालायला विसरले.

मग रोजचंच झालं. अकरा वाजले की फाटकाशी पुकारा सुरू. कचेरीतले लोक खिडकीशी जाऊन हसायचे, मला विचारायचे, "आज गाडी वेळेवर आहे ना?" संकीर्णची फाईल फुगायला लागली. पहिल्या आठवड्यात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात हसणं बंद झालं, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. लोक नुसते बघत जायचे. वाण्याने नानांशी बोलणं सोडलं. चार वर्षांपूर्वी कारगिलच्या वेळी याच नानांनी स्टँडवर जवानांच्या गाड्यांना हार घातले होते, ते कुणाला आठवेना.

तिसऱ्या आठवड्यात चौकातली सात-आठ माणसं फाटकाशी आली. खिडकीतून मला आधी त्यांची पाठ दिसली, नाना दिसलेच नाहीत. फक्त आवाज येत होता, "...रद्द करण्यात यावी. मी पुन्हा सांगतो..." आणि मध्येच तो तुटला.

मी जिन्यावरून कशी उतरले मला ठाऊक नाही. एकाने पुठ्ठ्याला हात घातलेला, दोरी नानांच्या मानेत रुतलेली. छत्री चिखलात. "आपले जवान जायला तयार आहेत, तुम्ही कोण नको म्हणणार?" एक जण नानांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारत होता.

"मी त्यातल्या एकाचा बाप," नाना म्हणाले.

"मग लाज वाटत नाही? पोरगा वाघ आणि बाप शेळी?"

"हात काढा आधी!" मी ओरडले. कचेरीत पंधरा वर्षं दाबून ठेवलेला माझा सगळा राग त्या दिवशी बाहेर पडला. "म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याला दोरी लावता? तुमच्यातला एक तरी गेलाय का फौजेत? कोण गेलाय? हात वर करा!" कुणी हात वर केला नाही. ज्याने पुठ्ठा धरला होता त्याने सोडला. चार शिव्या देऊन गेले. नानांनी छत्री उचलली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सात मिनिटं राहिलीत."

आणि सात मिनिटं पुकारलं. मी तिथेच शेजारी उभी राहिले. वर खिडकीत साहेब होते. होऊ दे काय व्हायचं ते, म्हटलं.

पण खरं झालं ते रविवारी. महेशच्या पलटणीत इथल्याच जवळच्या हातखंब्याचा एक जण होता. त्याच्या घरून बातमी तिकडे पोचली होती. चारला रिंग वाजली. मी फोन उचलला, तर नेहमीचं "काकी, कशा आहात" नाही. "बाबांना द्या."

महेशचा आवाज एवढा चढला होता की रिसीव्हर नानांच्या कानाला असूनही मला सगळं ऐकू येत होतं. "बाबा, हे काय चालवलंय तुम्ही? इथे माझ्या तोंडावर बोलतात, तुझा बाप घाबरट आहे. मला मान वर करता येत नाही. उद्यापासून तुम्ही तिथे उभं राहायचं नाही."

स्टँड हलवणारा नानांचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं. "उभा राहणार रे मी."

"मग आजपासून माझा फोन येणार नाही."

नाना काहीतरी म्हणायला गेले, तोवर तिकडून फोन ठेवलेला होता. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

मी तर भडकलेच. "काय केलंत नाना हे! अहो, एकुलता एक मुलगा. सरकार तुमचं ऐकणार नाही आणि पोरगाही हातचा जाईल. कळतंय का तुम्हाला?"

नाना ओटीच्या पायरीवर बसले. "भरतीला निघाला तेव्हा मी म्हटलं होतं, जाऊ नको. आई नुकतीच गेली होती त्याची. एकदाच म्हटलं. म्हटलं, मोठा झालाय, कळतं त्याला. तेव्हा दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं." मग पेपरची घडी घालत, "नाही बोलला तरी चालेल गो. असला म्हणजे झालं."

मला रडू आलं. रागाने की कशाने, ते मी शोधत बसले नाही. आत गेले आणि चहा ठेवला.

त्यानंतरचे आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पेपर आला की आधी दिल्लीची बातमी बघायची. अजून विचार चालू. महेशच्या पलटणीला सामान बांधून ठेवायला सांगितलंय, असं हातखंब्याकडून कळलं. नाना वाळले. आवाज बसला, तरी घशात खडीसाखर धरून अकराला उभे. आता सोबत पाच-सहा माणसं असायची. एक निवृत्त मास्तर, कुवेतला मुलगा असलेली एक बाई, असे कोणी कोणी. नाना पुकारायचे, ते मान डोलवायचे.

आणि जुलैमध्ये एके दिवशी बातमी आली. सरकार फौज पाठवणार नाही. कचेरीत रेडिओवर ऐकलं आणि मी परत त्या जिन्यावरून धावले.

"नाना, नाही पाठवणार! रद्द!"

"नक्की?"

"नक्की."

"परत सांग."

"रद्द झालं नाना. नाही पाठवणार."

त्यांनी गळ्यातला पुठ्ठा काढला, नीट घडी घातली आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभे राहिले. हसले नाहीत की रडले नाहीत.

साहेब त्या दिवशी म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, हुरळून जाऊ नका म्हणावं. दिल्लीची गणितं वेगळी असतात." मी ते नानांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं काय म्हणणं, ते मलाही जाणून घ्यायचंच होतं.

"असतील," नाना म्हणाले. "फलाटावर शंभर जण ओरडतात आणि गाडी थांबते. कोणाच्या ओरडण्याने थांबली ते ड्रायव्हरलासुद्धा सांगता येत नाही. पण सगळेच गप्प बसले असते तर थांबली नसती, एवढं मी सांगतो." दोनदा सांगायला ते विसरले, बहुधा दमले होते.

मला ते पूर्ण पटलं असं नाही. साहेबांचंही पटत नाही. फाईल मात्र मी संकीर्णमधून काढून घरी आणली. माळ्यावर आहे.

पण महेशचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पलटण देशातच राहिली, पोरगा सुखरूप आहे, एवढं हातखंब्याकडून कळायचं. गणपती गेले, दिवाळी गेली. नाना दर रविवारी साडेतीनला ओटीवर येऊन पेपर उघडत. "सहज आलो" म्हणत. चारला पेपरामागे त्यांची हालचाल थांबे. साडेचारला घडी घालून जात. मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी रिंग वाजली.

"काकी, महेश बोलतोय." आवाज पडलेला. "बाबा कसे आहेत? आणि हे बघा, मी विचारलं असं त्यांना सांगू नका."

बापाचाच हेका! मला असा संताप आला म्हणता. मग ओटीकडे लक्ष गेलं. पेपर तोंडासमोर होता, पण कान फोनकडे होता.

"बाबा बरे आहेत," मी म्हटलं. "तू बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"बरा आहेस म्हणतोस!" मी जोरात म्हटलं. "बरा आहेस! जेवण नीट मिळतं?"

"मिळतं काकी. थंडी फार आहे."

"जेवण मिळतं, पण थंडी फार आहे! थंडी फार आहे म्हणतोस!"

आतून आमचे हे बघायला आले, मला काय झालं म्हणून. मी त्यांना हातानेच थांबवलं. "सुट्टी कधी तुला?"

"शिमग्याला मिळेल बहुतेक."

"शिमग्याला येतोस!"

"काकी, एवढ्या मोठ्याने का बोलताय? लाइन तर स्वच्छ आहे."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ओटीवर पेपर खाली आला होता.

"काकी," तो म्हणाला, "शिमग्याचं परत एकदा सांगा. त्यांना दोनदा सांगावं लागतं."

मी ओटीकडे तोंड केलं आणि परत एकदा सांगितलं.