दोन चिरे आणि एक नारळ

आंब्याच्या मोहोराचा वास आला की त्याच्या पाठोपाठ मला तापलेल्या रबराचा आणि पेट्रोलचा वास येतो, आणि त्या दोहोंच्या मागून एक आवाज. कातळाच्या घळीत भरतीचं पाणी शिरावं तसा खोल, घुमणारा, श्वास आत ओढून घेणारा. गेल्या थंडीत अकरा रविवारच्या सकाळी हे तिन्ही माझ्या वाट्याला आले, ते आमचे शेजारी नाना मयेकर यांच्या जुन्या निळ्या गाडीच्या पुढच्या सीटवर. मी तिथे पाहुणी म्हणून बसले नव्हते. एका प्रयोगाच्या साहित्यात माझी गणना झाली होती. नानांच्या वहीत ती नोंद आजही वाचायला मिळते : ‘४. बाई (शेजारच्या). वजन : दोन चिरे व एक नारळ.’

नानांनी सारी हयात इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला मी मराठी शिकवत होते. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा गडगा आहे, जांभ्या दगडांवर दगड रचलेला. निवृत्तीनंतर त्या गडग्याच्या पलीकडे मोजमाप आणि अलीकडे उपमा, अशी आमची वाटणी झाली. नानांचं एक वाक्य मात्र गडगा ओलांडून रोज अलीकडे येई : “मत नको, बाई. माप सांगा.”

आज उकडतंय म्हटलं की माप सांगा. चहा गोड झाला म्हटलं की माप सांगा. दारावर मासळी घेऊन येणारी पारू एकदा सवयीने म्हणाली, “ताजा फडफडीत हाय, नाना. आत्ताच होडीतनं काढलाय.”

“आत्ताच म्हणजे किती वाजता?”

“होडीत काय घड्याळ लावलेलं असतंय?”

“मग ताजा म्हणू नकोस. नक्की माहीत नाही, असं म्हण.”

“नक्की माहीत नाय, असा ओरडत फिरले तर माझा म्हावरा मांजर तरी घेल काय?” पारूने पाटी उचलली, पण जाताना दोन बांगडे नानांच्या ओट्यावर ठेवूनच गेली. नानांची पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यापासून नानांच्या घरी मासळी कोण शिजवतं, हे तिला ठाऊक होतं. नाना स्वतः शिजवत, घड्याळ लावून.

माझ्या कवितेलाही त्यांनी सोडलं नाही. ‘सुरंगीच्या वळेसराचा गंध गल्लीभर’ अशी एक ओळ मी एका मासिकात छापून आणली होती. दुसऱ्याच दिवशी नाना सुरंगीच्या फुलांचा तसाच एक गजरा माझ्या फाटकाला अडकवून, नाक वर करून गल्लीतून मागे मागे चालताना दिसले. मग येऊन गंभीरपणे म्हणाले, “एकोणीस पावलं. गल्ली बत्तीस पावलांची आहे.” पुढे ती कविता संग्रहात घेताना मी ‘गल्लीभर’ तसाच ठेवला. नानांवर मिळवलेला माझा तेवढा एकच विजय.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. विद्यार्थी वहीत उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणे आणि निष्कर्ष या क्रमाने लिहीत. उत्तर पुस्तकात दिलेलं असल्यामुळे चतुर मुलं निष्कर्ष आधी लिहून ठेवत आणि त्याला शोभतील अशी निरीक्षणं मागाहून रचत. नानांना हे कसं कळे, कुणास ठाऊक. पण कळे, आणि ती वही लाल रेघ मारून भर वर्गात परत दिली जाई. एका वर्षी अशी परत दिलेली वही ओंकारची होती. ओंकार हा नानांचा एकुलता एक मुलगा. त्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना त्याचे कान जास्वंदीसारखे लाल झाले होते, हे मी व्हरांड्यातून पाहिलं आहे. बारावीनंतर त्याने भौतिकशास्त्राकडे पाठ फिरवली, पुण्याला जाऊन गाड्यांचं शिक्षण घेतलं आणि तिथेच एका गॅरेजात लागला. पुढे बाप-लेकांचं संभाषण रविवारच्या फोनपुरतं उरलं. गडग्याजवळ तुळशीला पाणी घालताना ते मला पाठ झालं होतं. “जेवलास?... हं. मी पण... बरं.” नानांनीच एकदा मला सांगितलं होतं, “सरासरी चाळीस सेकंद.”

आणि मग मार्गशीर्षात ते खोकं आलं.

“ओंकारने पाठवलान,” नाना गडग्यावर खोकं ठेवत म्हणाले. आत चकचकीत वळणदार नळी होती आणि तिच्या टोकाला हवेच्या फिल्टरचा लाल भडक शंकू, एखाद्या विदेशी फुलाच्या कळीसारखा. गाडीच्या इंजिनाला हवा पुरवणारा मूळचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा आणि त्याच्या जागी हे बसवायचं. इंजिन मोकळा श्वास घेतं आणि ताकद वाढते, असा त्या खोक्याचा दावा होता. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : दहा हॉर्सपॉवर जास्त!

“ओंकार काय म्हणतो?” मी विचारलं.

“म्हणतो, नाना, बसवून बघा, गाडी उडेल. उडेल म्हणे! आमच्या वेळी ह्याला निष्कर्ष आधी लिहिणं म्हणत.” पण हे बोलताना नाना तो लाल शंकू पंचाच्या टोकाने पुसत होते, धूळ नसतानाही.

खाडीवरचा भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की रस्ता सड्यावर, वरच्या कातळी पठारावर, चढतो. त्या चढावर नानांनी खालचा एक दगड आणि वरचा एक विजेचा खांब अशा दोन खुणा ठरवल्या. त्या दोहोंमधली उंची मोजायला गवंड्याकडून पाण्याची लांब नळी आणली. नळीच्या एका टोकाला नाना आणि दुसऱ्या टोकाला मी, असे आम्ही दोन सकाळी तो चढ टप्प्याटप्प्याने मोजत वर गेलो. तिसऱ्या दिवशी वाडीतली चार माणसं नानांच्या ओटीवर येऊन बसली. रस्त्याचं रुंदीकरण नक्की झालं, असा त्यांचा समज झाला होता. “नाना, तुमचा शब्द वर चालतो म्हणतात. आमचा गडगा तेवढा वाचवा,” एक म्हातारे हात जोडून म्हणाले. नानांनी त्यांना हवेच्या दाबाचं तत्त्व समजावून सांगितलं. माणसं अधिकच घाबरून परतली.

प्रयोग तसा सरळ होता. वजन तेच, चढ तोच, गिअरही तोच, दुसऱ्या नंबरचा. वेळ कमी लागला तर ताकद वाढली. वजनासाठी पहिल्या दिवशी त्यांनी गाडीत जांभ्या दगडाचे दोन चिरे ठेवले होते. पण चिऱ्यांना स्टॉपवॉच दाबता येत नाही, आणि स्टीअरिंग धरून ते दाबणं नानांना धोक्याचं वाटे. म्हणून वखारीतल्या काट्यावर माझं वजन झालं. दोन चिऱ्यांपेक्षा मी थोडी कमी भरले. ती उणीव एका नारळाने भरून काढली. तो नारळ दर रविवारी माझ्या मांडीवर असे, ओटी भरल्यासारखा.

“सकाळी काय खाल्लंत?” गाडीत बसताना पहिला प्रश्न.

“दोन आंबोळ्या.”

“बाई, कमाल करता! नारळ सोलून घ्यावा लागेल आता.”

पहिल्यांदा जुन्या डब्यावर तीन फेऱ्या झाल्या. मग खांबाजवळच्या सावलीत नानांनी बॉनेट उघडून नवी नळी बसवली, आणि पुढच्या फेरीला तो आवाज आला. गाडीने जणू सड्यावरचा सगळा वारा, मोहोर, दव आणि खालच्या खाडीचा खारटपणा एका दमात छातीत भरून घेतला. माझ्या तळपायांना थरथर जाणवली. कडेची काजूची झाडं मागे पळाली. खांब येताच मी बटण दाबलं आणि ओरडले, “नाना, उडाली हो!”

“आवाजाला भुलू नका. घड्याळ काय म्हणतं?”

घड्याळ म्हणत होतं, एकवीस पूर्णांक चार सेकंद. जुन्या डब्यावरही तेवढेच.

नानांनी वहीत आकडा लिहिला, सड्यावर रेंज चांगली मिळते म्हणून तिथूनच ओंकारला फोन लावला, आणि कसलीही प्रस्तावना न करता निरीक्षणं वाचून दाखवली. मी चाळीस सेकंद मोजत थांबले. फोन संपेना. ओंकार पलीकडून काही विचारत होता. नाना उत्तरं देत होते. मग नानांनी काही विचारलं. मग नाना हसले. ते हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मडक्यात चिल्लर हलवल्यासारखं असतं ते.

“टायरमधली हवा बघा म्हणतो,” गाडी सुरू करताना ते म्हणाले. “मुद्दा बरोबर आहे त्याचा.”

पुढच्या रविवारी टायर बघून झाले. त्याच्या पुढच्या रविवारी ओंकारने सुचवलं की नवी नळी बॉनेटखालची तापलेली हवा ओढत असेल. तिला पुढून थंड हवा द्या. नानांनी पत्र्याचा आडोसा केला. मग प्लग बदलले. मग पेट्रोल अर्धी टाकी ठेवून पाहिलं. घड्याळ एकविसाच्या आसपासच घुटमळत राहिलं. दशांश काय ते खालीवर होत. मोहोर गळून कैरीचे हिरवे मणी दिसू लागले, आणि माझा रविवार, जो मी कवितेसाठी राखून ठेवला होता, तो सगळा स्टॉपवॉचवर गेला.

अकराव्या रविवारी माझा धीर सुटला. नाना बॉनेटमध्ये डोकं घालून होते. मी सीटवरची वही उघडली. उद्देश, साहित्य, आकृती (लाल शंकू रंगीत पेन्सिलीने भरलेला), कृती. मग निरीक्षणांचे तक्ते, पानामागून पान, मोत्यासारख्या आकड्यांचे. शेवटच्या पानावर ‘निष्कर्ष’ हे शीर्षक, खाली पट्टीने मारलेली रेघ, आणि रेघेखाली कोरा कागद.

“नाना,” मी दारातून म्हटलं, “माप सांगू? फरक शून्य आहे. हे तिसऱ्याच रविवारी कळलं होतं.”

ते सरळ उभे राहिले. हातातला पाना पुसत राहिले.

“दुसऱ्या,” ते म्हणाले. “दुसऱ्याच रविवारी कळलं होतं.”

“मग निष्कर्ष का लिहीत नाही?”

खाली खाडीत एक होडी परत येत होती. तिच्या यंत्राची फटफट वर येत होती. नानांनी पाना खाली ठेवला.

“बाई, निष्कर्ष लिहिला की प्रयोग संपतो, वही परत द्यावी लागते.”

माझ्या मांडीवरचा नारळ एकाएकी जड झाला. मी वही मिटली. सुदैवाने फोन वाजला. नानांनी तो उचलला, नेहमीचे आकडे वाचले, थोडं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. “धरा जरा. मागच्या चाकातली हवा पुन्हा मोजायला सांगतोय.” गेज घेऊन ते गाडीच्या मागे उकिडवे बसले.

“मावशी,” पलीकडून ओंकार म्हणाला, “दमवलं ना आम्ही तुम्हाला?”

मी आवाज खाली आणला. “ओंकार, तुमच्या गॅरेजात ताकद मोजायचं यंत्र असेलच ना? एकदा त्यावरच का पाहत नाहीस हा फिल्टर?”

फोनमध्ये त्याच्या मागे कुठेतरी पत्र्यावर हातोडीचे ठोके पडत होते.

“पाहिला होता, मावशी. पाठवायच्या आधीच पाहिला होता. काही वाढत नाही त्याने. नुसता आवाज येतो.”

“आणि ‘गाडी उडेल’ म्हणालास?”

“नुसतं ‘कसे आहात’ विचारलं तर ते ‘बरा’ म्हणतात आणि ठेवतात. ते मोजायला लागले की बोलतात.” मग घाईने म्हणाला, “नानांना सांगू नका हां. पुढच्या रविवारसाठी मी वेगळा शंकू पाठवतोय, निळा.”

फोन बंद झाला. उन्हाचा पहिला चटका काजूच्या पानांवर उतरला होता आणि तापलेल्या इंजिनातून टिकटिक ऐकू येत होती. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. गेजवरचा आकडा त्यांनी वहीत लिहिला, टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं, आणि गाडीत बसल्यावर, किल्ली न फिरवता, समोरच्या रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, “काय म्हणत होता?”

मी नारळ दोन्ही हातांनी सावरला.

“मत सांगू की माप, नाना?”

ते वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, “मत.”