बापूरावांचे दात

जेवणाची सुट्टी संपली की बीडच्या आमच्या जमीन मोजणी ऑफिसात कर्र-कर्र आवाज सुरू व्हायचा. नवा शिपाई हमखास कपाटामागं उंदीर शोधायचा. मग कुणीतरी खुर्चीत पेंगणाऱ्या बापूरावांकडं बोट दाखवायचं. बापूराव झोपेत दात खायचे, आणि तेही असे, की शेजारचा कारकून गट नंबर चुकवायचा.

आता मोजणी यंत्रानं होते, मीही रिटायर झालोय. पण दुपारी जेवून आडवा झालो की कान अजून तो आवाज शोधतात.

जागेपणी हा भूमापक म्हणजे लोण्याचा गोळा. बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी मधोमध टेप धरून म्हणायचे, "आपल्याला काय टेन्शन हाय?" साहेब खेकसले, चहात माशी पडली, उत्तर तेच. फक्त पाच वाजले की तलवाड्याची एसटी गाठायला धूम पळायचे.

"वहिनींचा लई धाक दिसतोय," आम्ही चिडवायचो. ते नुसते हसायचे.

इलाज सगळ्यांनी सुचवले. हेडक्लार्कनी जंत झालेत म्हणून वावडिंग दिलं. बापूरावांनी तेही इमानदारीनं खाल्लं. शेवटी दाढेचा टवका उडाला, तेव्हा मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

"दात झिजून सपाट झालेत. मनावर काही ताण?"

"आपल्याला काय टेन्शन हाय?"

बाईंनी झोपताना दातांवर बसवायला मापाची प्लास्टिकची पट्टी करून दिली. चहा-तंबाखू कमी करायला सांगितलं. आणि दिवसा ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, असंही. झालं! बापूराव बांधावर भांडणाऱ्यांनाही सांगू लागले, "ओठ बंद, दात सुटे!" माणसं गोंधळून गप्प व्हायची आणि मोजणी उरकायची.

एका शनिवारी पट्टीची डबी ते टेबलावरच विसरले. रविवारी ती द्यायला मी तलवाड्याला गेलो.

दार उघडंच होतं. बाजेवर वहिनी टेकून बसवलेल्या. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. बापूराव मागं बसून त्यांची वेणी घालत होते. मला बघून ओशाळले.

"सहा वर्सं झाली. दिवसभर शेजारची मावशी बसती, संध्याकाळपासून मी."

"कधी बोलला न्हाईत ते?"

"तुमी हळहळला असता. मग हापिसात हसायचं कुठं?" डबी त्यांनी कपाळाला लावली. "बरं केलं आणली. माझा आवाज आला की ही रडती. हिला वाटतंय, हिच्यापायी मी दात खातो."

त्यांनी पिठलं-भाकरी केली. आधी वहिनींना भरवली, मग आम्ही जेवलो. पट्टी धुऊन घालतो म्हणत ते बाजेला लागून खाली सतरंजीवर जरा टेकले, आणि तिथंच डोळा लागला. थोड्या वेळानं जबडा आवळला. कर्र…

वहिनींचा डावा हात बाजेवरून हळूहळू खाली आला. चाचपडत त्यांच्या गालावर टेकला. बोटं जबड्यावरून फिरू लागली.

आवाज थांबला. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता बाहेर पडलो.