मुक्कामाचा रकाना

'निरंक' हा शब्द कानावर पडला, की बिराजदार अप्पा टेबलाखालची चप्पल पायात घालायचे. लातूरच्या आमच्या रोग सर्वेक्षणाच्या ऑफिसात दर सोमवारी खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांचे फोन यायचे. कुठे किती ताप, किती जुलाब, किती कावीळ. काहीच नसेल तर निरंक. असं म्हणणाऱ्याला अप्पा आधी विचारायचे, "आठवडाभरात एक पोरगं हगलं न्हाई? गाव हाय का फोटो?" आणि समोरच्याचं उत्तर जुळेपर्यंत ते एसटी स्टँडच्या वाटेला लागलेले असायचे.

अप्पा म्हणजे आरोग्य सहायक सिद्रामप्पा बिराजदार. कपाळाला विभूती, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि नाकावर कायमचा राग. मी तिथे कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, "खोटं टाइप करता येतंय का?" असं विचारलं. मी नाही म्हणालो. "मग टिकणार न्हाईस," म्हणाले, आणि डब्यातलं धपाटं माझ्यापुढे सरकवलं.

एकदा निलंग्याकडच्या एका केंद्रातून लागोपाठ चार आठवडे निरंक आलं. अप्पा गेले. बघतात तर निरंकवर सही करणारा औषधवाला स्वतःच जुलाबानं आडवा, हाताला सलाइन. पुढच्या महिन्याचे निरंक अहवालही त्या पठ्ठ्यानं तारखेसकट भरून ठेवलेले. अप्पांनी त्याच्या उशाशी बसून ते एकेक करून फाडले. मग सलाइन संपेपर्यंत तिथेच बसून राहिले, कारण बाटली बदलायला दुसरं कुणी नव्हतं.

भूकंपानंतरच्या दहाएक वर्षांत लातूर पार बदललं होतं. गल्लोगल्ली क्लासेस, घरोघरी भाड्यानं ठेवून घेतलेली बाहेरगावची पोरं, एका खोलीत सहा खाटा. त्या वर्षी काविळीचे आकडे यायला लागले. उदगीरकडे एक, निलंग्यात एक, अहमदपूरला एक. देगलूर तर नांदेड जिल्ह्यात, तिथला आकडा आमच्याकडे यायचाच नाही; तो अप्पांनी ओळखीतून काढला. एका गावात एकच रोगी, म्हणजे नियमानं साथ नाही. अप्पांनी एकेका घरी फोन लावला. सगळी पोरं क्लाससाठी लातुरात राहणारी, एकाच गल्लीतली, एकाच मेसच्या टाकीचं पाणी पिणारी. आजारी पडलं की आईबाप घरी न्यायचे आणि नोंद व्हायची गावच्या नावावर. मग पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर पडायची गावच्या विहिरीत आणि लातूरची टाकी तशीच. टाकी बंद करायचा अधिकार ज्या साहेबांना होता ते म्हणायचे, लातूरचा आकडा शून्य आहे, कशाच्या आधारावर बंद करू? आणि दर आठवड्याला त्या गल्लीतली दोन-तीन पोरं पिवळी होऊन घरी जात होती. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

नेमकं तेव्हाच हे सगळे अहवाल ऑनलाइन करायचं ठरलं. नियोजनाची बैठक नांदेडला, विष्णुपुरीत होती. मुंबईहून आलेल्या सल्लागारांनी पडद्यावर फॉर्म दाखवला: नाव, वय, लिंग, कायमचा पत्ता, रोग. अप्पा उठले आणि म्हणाले, यात सध्याच्या मुक्कामाचा एक रकाना घाला. सल्लागार हसले. फॉर्म अंतिम झालाय, म्हणाले, आणि पत्ता दिलाय की.

"तुमी हिथलं पाणी पिऊन मुंबईत आजारी पडलाव, तर पावडर कुठं टाकायची साहेब? तुमच्या सोसायटीत?"

सगळे हसले, सल्लागार सोडून. त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि रकाना राहून गेला. इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

परतीच्या एसटीत अहमदपूर आलं तेव्हा मी चिडून म्हणालो, एका रकान्यासाठी एवढं भांडलात, आता बदली करतील तुमची. ते खिडकीबाहेर बघत बोलले, आवाज जराही न चढवता.

"माझी सुमी आजोळी गेलती, गणपती बघायला. बारा वर्षांची. भूकंपात घर बसलं. मेलेल्यांची यादी केली रेशनकार्डावरनं. तिचं नाव आमच्या कार्डावर, लातूरच्या. तिथं म्हनले, ही आमच्या गावची न्हाई. हिथं म्हनले, तिकडच्या यादीत बघा." मग म्हणाले, "लेकरू माझं कुठल्याच यादीत न्हाई."



पुढच्याच सोमवारी ऑनलाइन सुरू झालं. मी नावाच्या रकान्यातच नावापुढे 'मुक्काम लातूर' आणि गल्ली टाइप करायला लागलो. अप्पा शेजारी बसून सांगत होते. दोन आठवड्यांनी वरून विचारणा झाली, तुमच्या जिल्ह्यात इतक्या जणांचं आडनाव मुक्काम कसं? मागोमाग मला कारणे दाखवा नोटीस आली. पण यादी छापून निघाली तेव्हा एकाखाली एक चौदा नावं त्याच गल्लीची होती. ती घेऊन अप्पा अधिकारवाल्या साहेबांकडे गेले. तिथे ते काय बोलले ते छापण्यासारखं नाही. दुपारी टाकी बंद झाली.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"एक कोरा फॉर्म उघड. पाठवायचा न्हाई. बसतंय का तेवढं बघायचंय."

ते सांगत गेले तसं मी टाइप केलं. सुमन सिद्रामप्पा बिराजदार, मग मुक्काम म्हणून तिच्या आजोळच्या गावाचं नाव. वय बारा. कायमचा पत्ता लातूर. रोगाचा रकाना त्यांनी कोरा ठेवायला सांगितला. मग पडद्यावरचं सगळं त्यांनी एकदा वाचून काढलं.

"पूस आता," म्हणाले. "चुकून वर गेलं तर आकडा बिघडंल."

मला काही दाबवेना. मग बटण कुठलं ते त्यांनी विचारून घेतलं, आणि स्वतःच पुसलं.