एकशेदहाची रेघ

"तिसऱ्यांदा परत आलं तर काम गेलंच म्हणून समजा," बायको म्हणाली. "आज पाचच्या आत पाठवायचंय."

एका प्रकाशकांसाठी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं ते काम होतं. बारा वर्षं घर सांभाळल्यावर पहिल्यांदाच तिचं स्वतःचं असं काहीतरी होऊ घातलं होतं, आणि तिला ते हवं म्हणजे हवंच होतं. वाचनाचा नमुना मात्र दोनदा परत आला होता. दोन्ही वेळा शेरा एकच: वाचन छान, पण मागे सतत घूं-घूं येते.

"अहो, ती घूं-घूं कॉम्प्युटरवर नुसती पुसून टाका ना."

"रोग कळल्याशिवाय औषध? माझ्याकडे असलं चालत नाही!"

नवरा कारखान्यात यंत्रांची थरथर तपासत असे, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. एकत्र कालवलेल्या आवाजावर फूरियर रूपांतर चालवायचं, त्यातला एकेक कंप वेगळा निवडायचा, पडद्यावर प्रत्येकाची उभी रेघ काढायची आणि रेघ पाहून नेमकं कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने रजा टाकली, माईक लावला आणि कंबर कसली.

पहिली रेघ सेकंदाला शंभर कंपांवर निघाली. "फ्रिज!" म्हणत त्याने प्लग उपटला.

"आतल्या दुधाचं काय?"

"दूध पुन्हा आणता येईल."

दुसरी रेघ चोवीसवर होती. "हा तळघरातला पंप. मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे, म्हणजे सेकंदाला चोवीस. अगदी मापात!" तिसरी एकशेदहावर होती आणि जागच्या जागी डुलत होती. यंत्र कधी असं डुलत नाही. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली.

मोजणी चालू ठेवून तो तळघरात गेला, पंप बंद केला आणि धापा टाकत वर आला. आलेखात पाहतो तर तो खाली असतानाच्या चार मिनिटांत एकशेदहाची रेघ साफ गायब. "सापडला चोर!" तो खुर्चीत बसला, आणि रेघ पुन्हा उगवली. म्हणजे पंप कोणीतरी चालू केला! तो पुन्हा खाली धावला. पंप बंदच होता. वर आला, तर रेघ हजर. अशा चार खेपा झाल्या. तो जितका इरेला पेटत होता, तितकी रेघ उंच होत होती. स्वयंपाकघरात फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी पसरायला लागलं, तिकडे बघायला त्याला सवड नव्हती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी दारात आल्या. डोक्याला टॉवेल, कानामागे साबणाचा फेस.

"पंप कोणी बंद केलाय?"

"मावशी, दोन मिनिटं. इथे एक अवघड केस आहे." त्याने पडद्यावरची रेघ दाखवली.

मावशींनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "अहो डॉक्टर, ही केस तुम्हीच आहात. डोकं लावायला बसलात की तुम्ही घुमायला लागता. माझ्याकडे वरपर्यंत ऐकू येतं."

"मी? शक्यच नाही!"

त्याने दहा मिनिटं ओठ आवळून मोजणी केली. एकशेदहावर काही म्हणजे काही नव्हतं. आधीचे दोन्ही नमुने रविवारी केले होते आणि दोन्ही वेळा तो शेजारच्या खोलीत हिशोबात डोकं घालून बसला होता, हेही आठवलं. सवयीप्रमाणे त्याने अहवाल लिहिला: दोष, तपासनीस.

"लग्नापासून ऐकतेय," बायको ओशाळून म्हणाली, "म्हणून आता मला ऐकूच येत नाही."

चार वाजून दहा मिनिटांनी पंप चालू झाला आणि डॉक्टरांची रवानगी जिन्यात झाली. घर चिडीचूप झालं. तिने पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. वाचनाची लय काही केल्या सापडेना. साडेचारला तिने दार उघडलं.

"आत या. आणि घुमा."

त्याने छाती भरून श्वास घेतला. काही निघेना. घसा खाकरला, डोळे मिटले, पाण्याचा घोट घेतला. छे!

"मुद्दाम नाही हो जमत."

बायकोची नजर फ्रिजकडे गेली. मग म्हणाली, "बरं, राहू द्या. तो फ्रिज प्लग लावला तरी चालू होत नाहीये."

"चालू होत नाही? असं कसं?" डॉक्टर पाण्यात गुडघे टेकून फ्रिजमागे शिरले. अर्ध्या मिनिटात घूं-घूं सुरू झाली. ती वाचायला बसली आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही थांबली नाही.

तिचा आवाज दोनशेच्या वर, त्याचा एकशेदहावर. रोग आता कळला होता, तेव्हा औषधाला हरकत नव्हती. डॉक्टरांनी मान खाली घालून स्वतःची रेघ आणि तिची पिल्लं, म्हणजे तिच्या पटीतल्या वरच्या रेघा, मुळापासून पुसली. पाचला तीन मिनिटं असताना नमुना गेला.

सहा वाजता प्रकाशकांकडच्या बाईंचा फोन आला. निवड झाली होती. आवाज स्वच्छ, लय तर लाखात एक. सोमवारपासून त्यांच्या स्टुडिओत यायचं, तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता आहे.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिने पुन्हा फ्रिजमागे शिरलेल्या डॉक्टरांच्या बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहिलं आणि फोनवर हळूच विचारलं, "येते ना, नक्की येते. पण बाई, तुमच्याकडे एखादं बिघडलेलं यंत्र आहे का हो?"