स्विस अण्णा

चन्नप्पा अण्णांना कुणी वेळ विचारली, की ते आधी विचारणाऱ्याचं मनगट बघायचे. मनगटावर स्विस घड्याळ दिसलं तर हसून वेळ सांगायचे. देशी दिसलं तर "गिरणीचा भोंगा व्हईल की आता" म्हणून मान वळवायचे. आणि जपानी दिसलं तर भांडण ठरलेलंच.

अण्णा आमचे शेजारी. चाटी गल्लीत कापडाचं दुकान, वळसंगला थोडी शेती आणि घरात एकटा जीव. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डाव्या मनगटावर सोनेरी स्विस घड्याळ, आणि ते लोकांना दिसावं म्हणून थंडीतसुद्धा सदऱ्याची डावी बाही दुमडलेली. बँकेत नवा साहेब आला तेव्हा अण्णा म्हणाले, "माणूस लई सज्जन." कशावरून? तर, "घड्याळ बगितलं की मी!"

त्यांचे हाडवैरी म्हणजे समोरच्या घरातले वकील. त्यांच्याकडे जपानी ऑटोमॅटिक. त्याला चावी द्यायला नको, मनगट हलत राहिलं की ते आपोआप चालणार. रोज संध्याकाळी दोघं सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी एकाच बाकावर बसायचे. गिरणीचा भोंगा झाला की दोघांची मनगटं वर.

"अण्णा, तुमचं दोन मिनिटं मागे."

"माजं मागं न्हाय वकीलसाहेब. भोंगा फुडं हाय."

"म्हणजे अख्खी गिरणी चुकली?"

"चुकंल की! तितं कुटं स्विस घड्याळ हाय?"

मग अंधार पडेपर्यंत तोंडाला तोंड. अण्णा जपानी घड्याळाला खुळखुळा म्हणायचे, वकील अण्णांच्या घड्याळाला म्हातारी. एक दिवस यांतला एकजण दुसऱ्याला तळ्यात ढकलणार, अशी माझी खात्री होती.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी वकिलांना अर्धांगवायू झाला. डावा हात गेला, जीभही जड झाली. अण्णांबरोबर मीही त्यांना बघायला गेलो. वकील खाटेवर पडलेले, घड्याळ मनगटावरच. हात हलेना, म्हणून तेही बंद पडलेलं. वकील एकटक त्याच्याकडेच बघत होते.

मला वाटलं, आता अण्णांना रान मोकळं. पण त्यांनी वाकून ते घड्याळ सोडलं, आपल्या उजव्या मनगटावर चढवलं आणि हात हलवत खोलीभर येरझाऱ्या घालू लागले. काटा फिरायला लागला तसं त्यांनी ते वकिलांच्या डोळ्यांपुढं धरलं. "बगा, चाललंय. मी घालून फिरतो. रोज सांच्याला आणून दावतो."

तेव्हापासून अण्णा दोन्ही मनगटांवर घड्याळं घालून गावभर फिरायला लागले. दुकानात कापड मोजताना उजवा हात गरजेपेक्षा जास्तच फिरायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "रद्दी माल हाय ओ. माणूस हलला तर चालतंय." संध्याकाळी बाकाऐवजी वकिलांच्या खाटेशी बसायचे. भोंगा झाला की मुद्दाम खोटं बोलायचे, "वकीलसाहेब, तुमचं जपानी मागं पडलं बगा." वकील सगळा जीव तोंडात गोळा करून एकच शब्द काढायचे, "खोटं!" तेवढ्यावर अण्णांचा दिवस साजरा व्हायचा.

दिवाळीनंतर वकिलांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. टांगा दारात उभा असताना अण्णांनी घड्याळ वकिलांच्या सुनेला दिलं. "रोज कुणीतरी घालून फिरा, पोरी. आन मागं पडलंय म्हणून सांगत जा त्यास्नी. तेवडं इसरू नका."

टांगा वळला तरी अण्णा रस्त्यातच उभे होते. हा माणूस इतकी वर्षं त्या एका भांडणावर जगत होता, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

पुढं अण्णा बाकावर एकटेच बसायला लागले. भोंगा व्हायचा, पण मनगट काही वर जायचं नाही. एकदा मला राहवलं नाही. मी शेजारी जाऊन बसलो आणि माझं घड्याळ त्यांच्यापुढं नाचवलं.

"अण्णा, तुमचं स्विस मागे पडलं. आमचं देशी बघा, कसं बरोबर चालतंय!"

आता शिव्या बसणार म्हणून मी तयारीत होतो. अण्णांनी माझं मनगट हातात घेतलं, घड्याळ नीट बघितलं आणि म्हणाले, "व्हय. चांगलं हाय की."