घरचं गिऱ्हाईक

इतवारीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात कुणी "हे आपलं घरचं गिऱ्हाईक" असं म्हटलं, की देवरावजी हातातला तागा टाकून भांडायला उठत.

"घरचं? लग्नाची पत्रिका देली का त्यानं तुले? बस्ता नेला तो नुसता गिऱ्हाईक. पत्रिका घेऊन वापस आला, तो घरचा. काहीही काहून बोलून राहिला गा?"

आम्ही दोघंही सेल्समन. पण शेठजींनाही त्यांनी हा शब्द कधी फुकट वापरू दिला नाही. गंमत म्हणजे, तीस वर्षांत खुद्द देवरावजींना एकही पत्रिका आली नव्हती. मी चिडवायचो, "मग तुमचं घरचं गिऱ्हाईक कोणतं जी?"

"येईल ना. घाई काय हाय?"

एकटा जीव. बायको नाही, लेकरू नाही. शालू मात्र शेकडो नवरींसाठी निवडलेले.

कुही गावच्या एका पाटलांच्या घरचे तीन बस्ते देवरावजींनीच बांधले होते. चौथा धाकट्या मुलीच्या लग्नाचा. उठताना पाटील म्हणाले, "लग्नाले या बरं जी." असं सगळेच म्हणतात हो! देवरावजींनी ते खरं धरलं. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे. पत्रिका काही आली नाही.

"पोस्टात गहाळ झाली असंल," ते म्हणाले. "पाटील मले इसरंल का?"

धुतलेलं धोतर, कडक टोपी, पिशवीत आहेराची जांभळी साडी आणि सोबतीला बळेच ओढलेला मी. मांडवात पोचलो तेव्हा पंगत बसत होती. आम्हाला बघून पाटील लगबगीनं पुढे आले.

"काहून जी देवरावजी? बस्त्यातलं काही राहून गेलं का?"

माझ्या तोंडात शिवीच आली होती. देवरावजींनी पिशवीतून साडी काढली.

"हो जी. ही तुमची दुकानातच राहून गेली होती. म्हटलं, पोरीचं अडाले नको."

"लय चांगलं केलं! नाही तं माणूस धाडा लागला असता."

साडी काखेत मारून पाटील व्याह्यांकडे पळाले. मुलीचा बाप, सतरा कामं मागे. त्यांना तरी काय बोलायचं? पण जेवायला बसा म्हणायचं राहूनच गेलं.

आम्ही उपाशीच यष्टीत बसलो. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? नागपूर जवळ आलं तेव्हा देवरावजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुकानात सगळे इचारतीन," ते म्हणाले, "तं सांगजो गा, पाटलानं आग्रह करकरून जेवू घातलं म्हणून."