दिसायलंय का?

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या गल्लीत आरोळी उठायची, "दिसायलंय का?" मागोमाग त्याच घराच्या मागच्या खोलीतून उत्तर यायचं, "न्हाई दिसायलं!" नव्या माणसाला वाटायचं, या घरात कुणाच्या तरी डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं, मन्मथअप्पा कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडतायत.

मन्मथअप्पा आमचे परळीतले शेजारी. वीज केंद्रात मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या खात्यात नोकरीला. लोक घराबाहेर पडताना खिशाला पेन लावतात, अप्पा पिशवीत मल्टिमीटर टाकतात. "आधी कंटिन्यूटी बघा", म्हणजे वायर कुठे तुटली नाही ना ते तपासा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरात काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मिक्सर बंद पडला, कंटिन्यूटी बघा. माझी स्कूटर चालू होईना, कंटिन्यूटी बघा. पुतण्याच्या सोयरिकीची बोलणी अडली तेव्हा भर बैठकीत उठून म्हणाले, "कुटंतरी वायर तुटलीय. आधी ती हुडका, मग मानपान." आणि "हे जमायचं नाही" असं कुणी म्हटलं की त्यांना चेव यायचा. भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा चेव अतिशय महागात पडला आहे.

ते दिवस चौकाचौकात एसटीडीचे बूथ आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागण्याचे होते. अप्पांची एकुलती एक मुलगी उमा. बारावीला तिला भरपूर मार्क पडले आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं तिनं मनात धरलं. अप्पांनी साफ नाही म्हटलं. "एकटी पोरगी येवढ्या लांब कावून धाडायची?" उमानं वाद घातला नाही. गावातच बी.एस्सी. कॉम्प्युटरला नाव घातलं आणि बापाशी बोलणं टाकलं. जेवायला चला, चहा ठेवलाय, एवढ्यावर त्या घरातला बाप-लेकीचा व्यवहार येऊन थांबला. अप्पांनी तिला विंडोजवाला कॉम्प्युटर घेऊन दिला. ती मागच्या खोलीत दाराकडे पाठ करून त्याच्यासमोर बसायला लागली.

मग अप्पांनी कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर पैदा केला, समोरच्या खोलीत मांडला आणि मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स चढवलं. मी विचारलं, "अप्पा, सगळं जग विंडोज वापरतंय, तुमचं हे काय भलतंच?"

"सर, इंडोज म्हंजी झाकण लावलेला डबा. हितं आत काय चाललंय ते वाचाया तरी मिळतंय."

विंडोजशी फायलींची देवाणघेवाण करायला लिनक्समध्ये जो प्रोग्रॅम लागतो त्याचं नाव सांबा, हे कळल्यावर तर वैजनाथाच्या गावच्या या भाविकानं हातच जोडले. म्हणाले, "म्हंजी आपल्या घरचाच हाय. दगा न्हाई द्यायचा."

सांबानं दगा दिला. आधी माजघरातून, देव्हाऱ्याला वळसा घालून एक जाड काळी वायर या खोलीतून त्या खोलीत गेली. तिच्या दोन्ही टोकांना बोराएवढं एकेक टोपण बसवावं लागे. त्यातलं एक जरी काढलं तरी सगळी वायर मुकी होई. मला हे पटेना. अप्पा म्हणाले, "नळाला तोटी न्हाई लावली तर पाणी ऱ्हाईल का आत?" तेही बरोबर लावून झालं. दोन्ही मशीन एकमेकांना हाक मारत, ओ देत. पण उमाच्या मशीनवरून अप्पांच्या मशीनमधली फाईल उघडायला गेलं की पासवर्ड विचारला जाई, आणि तो कितीही बरोबर दिला तरी नकार येई.

इथे माझी भरती झाली. "सर, तुमी इंग्रजी वाचा, मी दुरुस्त्या करतो." रोज शाळेतून आलो की मी स्टुलावर बसून न समजणारं इंग्रजी न समजणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचो. अप्पा पडद्यावर बसलेली वीज केंद्राची राख फडक्यानं पुसत, एक ओळ बदलत, मशीन पुन्हा चालू करत आणि आरोळी ठोकत, "दिसायलंय का?"

मी एकदा वैतागून म्हणालो, "अप्पा, फाईल फ्लॉपीत घाला आणि नेऊन द्या ना. मधे एक माजघर तर आहे!"

"फ्लॉपी म्हंजी टपाल झालं, सर. मला बोलणं पायजे." असं म्हणून ते पुन्हा किबोर्डावर वाकले. हट्टी माणसाशी कोण वाद घालणार?

पहिल्या दिवसांत मागच्या खोलीतून नुसतं "न्हाई" यायचं. नंतर "न्हाई दिसायलं" झालं. मग "न्हाई, परत पासवर्ड मागायलंय." आणि एके दिवशी चक्क उलट प्रश्न आला, "अप्पा, तुमी माझं नाव घातलंय का तुमच्या मशीनमदी?" अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू परळीत समुद्र आला.

शेवटी एका संध्याकाळी उमा स्वतःच बाहेर आली. "अप्पा, सरका," म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीच्या अर्ध्या भागावर टेकली. "माझं मशीन पासवर्ड गुप्त करून पाठवायलंय आन तुमचं उघडा मागायलंय. दोघंबी आपापल्या जागी बरोबर हायत, म्हणून तर जमंना." तिनं एक ओळ बदलली, तिच्या नावाचा पासवर्ड या मशीनमध्ये वेगळा द्यावा लागतो म्हणून तो दिला आणि आत पळाली.

"दिसायलंय का?"

"दिसायलंय! अप्पा, दिसायलंय!"

पहिली उघडलेली फाईल म्हणजे आमच्या नळाला पाणी कधी येतं याची अप्पांनी टिपून ठेवलेली जंत्री. अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. मी मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सातला गल्ली शांत. तिसऱ्या दिवशीही शांत. उमा पुन्हा दाराकडे पाठ करून कामात, आणि अप्पा समोरच्या खोलीत, सगळं नीट चालणाऱ्या मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसलेले. चौथ्या दिवशी पुन्हा आरोळी आली, "दिसायलंय का?" आणि उत्तर, "न्हाई दिसायलं!" उमा बाहेर आली, बाप-लेकीनं वायर चाचपली, वाद घातला, चहा झाला, मग चालू झालं. दोन दिवस गेले की पुन्हा बंद. बी.एस्सी. कॉम्प्युटर करणाऱ्या मुलीला हा बिघाड कायमचा सापडत कसा नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी आपला सांबाला शिव्या देत बसलो.

एकदा अप्पांनी सुपारी कातरायला अडकित्ता घेतला आणि लवंग काढून घ्या म्हणून चंची माझ्याकडे सरकवली. मी कप्प्यात बोटं घातली तर लवंगांसोबत वायरीचं ते टोपण हाताला लागलं. मी ते वर धरलं. अप्पांनी मागच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वायर चालू असली की पोरगी बोलत न्हाई, सर. बिघडली की बोलती."

मी टोपण परत लवंगांत ठेवलं. या माणसावर आपण महिनोन् महिने वैतागत होतो, म्हणून माझा मलाच राग आला.

पुढे उमाला पुण्यात नोकरी लागली. भावकी जमली. एकटी पोरगी, लांबचा गाव, सगळं तेच पुन्हा निघालं. अप्पांनी सगळ्यांना एका वाक्यात गप्प केलं, "एकदा मीच वायर कापली व्हती. आता न्हाई." तिची ट्रंक त्यांनी स्वतः उचलून पुण्याच्या गाडीत चढवली.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. अप्पांनी दोन्ही मशीन चालू केली होती. चंचीतलं टोपण काढून आपल्या टोकाला घट्ट बसवत म्हणाले, "आता कुणासाठी बिघडवू?" पण मशीन काही बोलेना. मल्टिमीटर घेऊन ते वायरीच्या मागेमागे माजघरातून उमाच्या खोलीत गेले, टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. त्या टोकाचं टोपण जागेवर नव्हतं.

काकू म्हणाल्या, "काल पर्समदी काईतरी घालू लागलती. मला वाटलं, बटण हाय."

मी म्हणालो, "लातूरहून दुसरं आणतो." अप्पा माझ्यावर खेकसले, "कावून? हाय ना तिच्यापाशी!"

रविवारी सकाळी आमच्या घरी तिचा फोन आला. मी अप्पांना बोलावून आणलं. बूथवरून ती इतक्या मोठ्यानं बोलत होती, की मलाही ऐकू आलं.

"अप्पा, दिसायलंय का?"

अप्पांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई दिसायलं, माय. तू आल्यावर बघू."